वहीत लिहिलं, उंबऱ्यावर बोलले नाही

पणदरे,
रविवार, सकाळ

प्रिय संपतभाऊजी,

एका घरात, एका चुलीवर तेवीस वर्षं काढलेली माणसं एकमेकांना पत्र कशाला लिहितील? परसात उभं राहून हाक मारली की तुम्ही गोठ्यातनं ओ द्यायचा. आता हाकेच्या टप्प्यात तुम्ही नाही, म्हणून हा कागद. आणि तो आजच लिहायचा आहे, कारण उद्या सकाळी तुमची लेक वैष्णवी पुण्याला सही करायला निघाली आहे.

कसली सही ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही करून आला होता तसलीच. पिंजऱ्यात लढायला उतरायची.

मागच्या रविवारी मी पोळ्या लाटत होते. ती आली, मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि म्हणाली, "मोठी आई, ही पोरगी बघ. हिच्यासंगं माझी जोड लागलीया. पाच आठवडे हायत. तुझी वही काढ आन् मला खरं सांग."

खरं सांग! भाऊजी, माझ्या हातातलं लाटणं थांबलं. हेच शब्द याआधी या घरात कुणी म्हटले होते ते तुम्हाला माहीत आहे. आठ दिवस झाले, मी तिला उत्तर दिलेलं नाही. आज द्यावंच लागेल. त्याआधी तुमच्याशी बोलून घेते.

तुम्ही जाऊन आठ महिने झाले. सकाळी सात वाजता उसाला पाणी द्यायला गेलात, मोटर चालू केलीत आणि तिथंच बसलात. आम्हाला वाटलं बारामतीला नेलं तर होईल काहीतरी. डॉक्टरांनी बाहेर येऊन यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मला कळलं. चाळिसाव्या वर्षी कुणाची छाती अशी बंद पडते का हो? तीही पैलवानाची?

मी लग्न होऊन कळस गावावरून या घरात आले तेव्हा तुम्ही सतरा वर्षांचे होता. मान जाड, कान फुटलेले, रोज पहाटे तालमीत. पहिल्याच दिवशी मला म्हणालात, "वहिनी, माजं दूध येगळं ठेवत जावा, न्हायतर दादा प्येतो." सगळे हसले. मी नवी नवरी, मलाही हसू आवरलं नाही. त्या घटकेपासून तुम्ही माझे दीर कमी आणि धाकटे भाऊ जास्त होता. तोंडानं मात्र कायम भाऊजी आणि तुम्ही.

तो एमएमएचा, पिंजऱ्यातल्या लढतींचा नाद तुम्हीच घरात आणलात. सहा वर्षं झाली असतील. दूध डेअरीवर घालून यायचं, अंघोळ करायची, माझी पूजा आटपेपर्यंत चहा प्यायचा आणि मग रविवारचा मोबाईल लावायचा. अमेरिकेत रात्र असायची तेव्हा आपल्याकडं सकाळ. पहिल्यांदा आत्याबाईंनी डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बया! कोंबड्यावानी माणसं कोंडल्यात व्हय रं ह्यांनी?"

"आये, ही बी कुस्तीच हाय. नवी."

"कुस्तीत तोंड फुटत न्हाय मुडद्या."

तुम्ही "फुटतंय की, माजं कान बघ," म्हणालात आणि त्या बडबडत निघून गेल्या.

मी सुरुवातीला तोंड फिरवून बसायचे. रक्त दिसलं की नृसिंहाचं नाव घ्यायचे. पण तांदूळ निवडता निवडता डोळा तिकडं जायचाच. आणि हळूहळू मला रक्ताच्या अलीकडचं दिसायला लागलं. कोण पाय कसा टाकतो. मार खाल्ल्यावर कोण हसतो. तोंड उघडं ठेवून श्वास कधी घ्यायला लागतो. तुम्हाला आठवतो तो टकल्या?

"भाऊजी, हा टकल्या हरणार आज."

"वहिनी, काय बोलताय! त्येनं आजून एकबी हारली न्हाय."

"नसंल. पण उजवी लाथ घालताना डावा हात खाली सोडतोय. तीनदा सोडला. समोरचा नुसता बघून ठेवतोय."

दुसरी फेरी सुरू झाली, टकल्यानं लाथ उचलली आणि त्या मोकळ्या गालावर असा बुक्का बसला की गडी उभ्याचा आडवा! तुम्ही उडी मारलीत, तांदळाचं सूप पालथं झालं. "वहिनी, तुमी देवरुषी हाय का काय?"

देवऋषीपण कसलं त्यात? धार काढणाऱ्या बाईला गाय लंगडायच्या आधी कळतं, कारण ती रोज त्याच पायाशी बसते. मी दहावी शिकलेली, बचत गटाच्या बायकांचे आणि डेअरीचे हिशेब ठेवणारी. माझ्या डोक्यात रकाने पाडलेलेच असतात. त्यात आकडे न भरता माणसं भरली, एवढंच.

मग वही आली. नवी कशाला आणायची? वैष्णवीच्या शाळेच्या वह्यांतली उरलेली कोरी पानं काढली, दाभणानं शिवली, वर जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवलं. रकाने पाडले: उंची किती. कुठला हात पुढं. दम कधी सुटतो. आणि शेवटचा रकाना, खाली पडला की कुठं वळतो.

"ह्यो शेवटचा कशाला वहिनी?" तुम्ही विचारलंत.

"उभा असताना माणूस शिकवलेलं करतो," मी म्हणाले. "पडल्यावर सवयीचं करतो."

तुम्ही वहीवरनं नजर काढून माझ्याकडं बघितलंत. मग म्हणालात, "मैदानात जोडी लावायला तुमालाच बशिवलं पायजे." हे मला किती मोठं वाटलं असेल! मैदानात जोड लावायचा मान जाणत्या वस्तादांचा. दोन पैलवान जवळ उभे करायचे, खांदे बघायचे, मनगटं बघायची, कुणाचा गुरू कोण ते आठवायचं आणि मग म्हणायचं, हां, ही जोड बरोबरीची. जोड चुकली तर पोरगं जन्माचं अधू होतं, असं तुमचेच वस्ताद म्हणायचे ना?

माझ्या माहेरी कुणी कुस्ती खेळलेलं नाही. पाठ टेकली की हार, एवढंच मला ठाऊक. बाकीचं तुम्ही शिकवलंत. पडायची वेळ आली तर पालथं पडायचं, पोटावर. पालथ्या पैलवानाला उलटवता उलटवता समोरच्याचा घाम निघतो. लहान पोरांना तालमीत पहिलं हेच शिकवतात: काहीही होऊ दे, आभाळ बघायचं नाही.

आणि पिंजऱ्यात सगळं उलटं! तिथं पाठ टेकली तरी काही बिघडत नाही. उताणा माणूस पाय आडवे घालतो, हातानं मान धरतो, कितीतरी वेळ टिकतो. पण जो पालथा झाला तो मेला. समोरचा पाठीवर बसतो, हनुवटीखाली हात सरकवतो आणि गळा आवळतो. हे मला वहीनंच दाखवलं. कुस्तीतनं आलेले एकामागून एक तसेच हरत होते. आपापल्या गुरूनं शिकवलेलं इमानानं करत होते, आणि हरत होते.

एका शनिवारी आपण सगळे नरसिंहपूरला दर्शनाला गेलो होतो. दर्शन झाल्यावर संगमाच्या घाटावर डबा सोडला. हे आणि तुमची सुरेखा पाण्याकडं गेले होते. तुम्ही म्हणालात, "वहिनी, हिरण्यकश्यपूला वर केवडा व्हता! घरात मरनार न्हाय, भाईर न्हाय. दिवसा न्हाय, रातीला न्हाय. मानसाकडनं न्हाय, जनावराकडनं न्हाय. तरी देवानं जागा हुडकलीच की. म्हंजी देवानं आदी त्येच्या समद्या लढती बगितल्या असनार."

"देवाच्या दारात चेष्टा नको," मी दटावलं. पण मनातून मला ते पटलं होतं. नीट बघणं हीसुद्धा त्याची भक्तीच असेल, असं तेव्हापासून वाटायचं. म्हणून तर रविवारचा मोबाईल देवघराच्या शेजारी लावायला मला कधी वावगं वाटलं नाही.

मग तुम्ही स्वतःच उतरलात. सदतिसाव्या वर्षी! आठवड्यातनं दोनदा पुण्याच्या जिममध्ये जायला लागलात. हे चिडले, "पोरीच्या लग्नाचं वय जवळ आलं आन् हा चड्डी घालून नाचतोय." सुरेखा रडली. मी कुणाच्याच बाजूनं बोलले नाही. पण वहीत तुमचं पान उघडलं. पहिल्या दोन लढती तुम्ही जिंकलात, एकेरी पट काढून, म्हणजे समोरच्याचा एक पाय ओढून पाडून, वर बसून. घरात पेढे वाटले. मी पेढा खाल्ला आणि रकान्यात लिहिलं: दोन्हीत एकेकदाच खाली गेले, दोन्ही वेळा डाव्या खांद्यावरून पालथे. समोरच्याला फायदा घेता आला नाही, म्हणून वाचले.

तिसरी जोड लागली ती त्या लांब हातांच्या पोराशी. पंचवीस वर्षांचा. तुम्ही त्याचे चार व्हिडिओ आणून दिलेत. "वहिनी, बघून ठेवा. खरं सांगा. तुमची वही काय म्हनती त्येच्यावर मी ठरवनार."

मी बघितले. दोनदा बघितले. चारपैकी तीन त्यानं पाठीवर बसून गळ्यानं जिंकल्या होत्या. मी तुमच्या पानावर लिहिलं: "या गड्याशी जोड नको. भाऊजी पालथे होणार आणि तो पाठीवर येणार." माझंच अक्षर. तारीख घालून.

आणि सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. आज विचारलंत असं समजते.

तुम्ही विचारलंत तेव्हा आत्याबाई ओट्याशी बसून लसूण सोलत होत्या. तुम्ही बाहेर गेल्यावर मला म्हणाल्या, "शालन, त्येच्या म्होरं वंगाळ काय बोलू नगंस. जानाऱ्याला नाट लागतंय." मी हो म्हणाले. चार दिवस तुम्ही विचारत राहिलात, मी "बघतेय अजून" म्हणत राहिले. मनात म्हणायचे, आज संध्याकाळी सांगू. उद्या गोठ्यात सांगू. तुम्ही किती खुशीत होता! दोरीवरच्या उड्या मारताना गाणं म्हणायचा. तुमचं तोंड उतरलेलं बघायची माझी छाती झाली नाही. बाकी सगळी कारणं त्याच्यानंतरची.

जायचा दिवस उजाडला. उंबऱ्यावर तुम्ही बॅग घेऊन उभे. मी तुमच्या हातावर दही घातलं. तुम्ही ते खाल्लंत आणि हळूच विचारलंत, "मग वहिनी? वही काय म्हनती?"

उंबऱ्यावर! निघालेल्या माणसाला उंबऱ्यावर कुणी वाईट सांगतं का? आपल्यात नाही सांगत. पाठीमागून हाकसुद्धा मारत नाही. मी म्हणाले, "वही तुमच्याच बाजूची हाय. यश घेऊन या."

तुम्ही पाया पडलात. मी तुमच्या डोक्यावर हात ठेवला, भाऊजी. तो हात मला अजून जड वाटतो.

तुम्ही फाट्यावर पोचायच्या आत मी देवापुढं बसले आणि म्हणाले, नृसिंहा, माझं दिसणं खोटं कर. किती उफराटी बाई मी! डोळे त्यानं दिले, आणि डोळ्यांना दिसलेलं झाकायला मी त्याच्याकडंच गेले.

लढत आम्ही सगळ्यांनी मिळून मोबाईलवर बघितली. दुपारची वेळ. पहिल्याच फेरीत तुम्ही पट काढायला वाकलात, त्यानं पाय मागं घेतले, तुम्ही गुडघ्यावर आलात. मी मनात ओरडत होते, उताणे व्हा! आभाळ बघा! पण तुम्ही वळलात. डाव्या खांद्यावरून. वीस वर्षं तालमीनं घडवलेलं अंग ते, ते दुसरीकडं कसं वळणार? तो पाठीवर आला. हात हनुवटीखाली गेला. हात थोपटून सोडवून घ्यायची तिथं मुभा असते, त्यात कमीपणा नसतो, हे आपण दोघं किती वेळा बोललो होतो. तुम्ही नाही थोपटलात. पंचानं तुमचा हात उचलला आणि सोडला. तो तसाच खाली पडला.

आत्याबाईंना नीट दिसत नाही. त्यांनी विचारलं, "झोपला का गं त्यो?"

"व्हय," मी म्हणाले, "झोपले."

तुम्ही सोमवारी आलात. आवाज बसलेला, मानेवर निळं. हे एक शब्द बोलले नाहीत, उलट स्वतः तुमच्यासाठी गरम पाणी काढलं. सगळं निभावलं असतं हो. हार काय, तालमीत शंभर झाल्या असतील तुमच्या. पण आठ दिवसांनी मी ती लढत वहीत कशी मांडली आहे ते बघायला तुम्ही वही काढलीत. मी परसात भांडी घासत होते. आत आले तर तुम्ही फडताळापाशी उभे, वही हातात, ते पान उघडं.

तुम्ही ओरडला असता तर! ताट फेकलं असतंत तर! तुम्ही नुसतं म्हणालात, "वहिनी, तुमाला दिसलं व्हतं."

मी "व्हय" म्हणाले.

तुम्ही वही जागेवर ठेवलीत आणि गोठ्यात गेलात.

त्यानंतर अकरा महिने तुम्ही जगलात, आणि एकाही रविवारी मोबाईल घेऊन बसला नाहीत. भाजी वाढू का, वाढा. दूध किती आलं, एवढं आलं. गणपतीत पाया पडलात, दिवाळीत ओवाळून घेतलंत. बाहेरच्या माणसाला काही कळलं नसतं. पण तुम्ही माझ्याकडं बघायचं सोडलं होतं. मला वाटायचं, राग आहे, निवळेल. मी माफी मागायचे शब्द जुळवत राहिले. तिथंही "उद्या गोठ्यात सांगू" चाललं होतं माझं. आणि एक दिवस उसात मोटर चालू राहिली, पाणी बांध फोडून रस्त्यावर आलं, तेव्हा आम्ही शोधायला धावलो.

तुमचंही थोडं चुकलंच भाऊजी. रागवा, पण एवढं मुकं रागावायचं? एकदा विचारायचं तरी, का केलंत असं? मी काय सांगितलं असतं कोण जाणे. पण रडले तरी असते तुमच्यासमोर. आता मोरीत नळ सोडून रडते, आत्याबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून.

असो. वैष्णवीचं सांगते.

एकोणीस वर्षांची झाली. इंदापूरला मुलींच्या तालमीत खेळते, दोन मैदानं मारली. तुमच्यामागं तिनं ते पुण्याचं जिम धरलं. सुरेखानं किती समजावलं! ती म्हणते, "पप्पांचं राहिलंय ते मी पुरं करनार." तुमच्या त्या निळ्या हातमोज्यांना तिनं स्वतः टाके घातलेत.

तिनं दिलेले व्हिडिओ मी या आठवड्यात बघितले. समोरची पोरगी बुटकी आहे, खांद्यात रुंद. वरवर वाटतं, हिला काय, एका पटात खाली घालू. पण नीट बघितलं तर ती कुस्तीवाल्या पोरींना मुद्दाम जवळ येऊ देते. एक पाय पुढं ठेवते, आमिष दाखवल्यासारखा. समोरची वाकली की ही बाजूला सरकून पाठीवर जाते. हरलीय फक्त एकदा, लांबून लाथा घालणाऱ्या एका उंच पोरीशी. तिच्या जवळ हिला जाताच आलं नाही.

मग मी वैष्णवीच्या सरावाचे व्हिडिओ बघितले. आणि काय सांगू तुम्हाला! ती खाली गेली आणि वळली. डाव्या खांद्यावरून. हनुवटी छातीत, उजवा कोपर आत. तुम्हीच! मान वळवायची ढबसुद्धा तीच. आठ महिन्यांत तुम्ही मला स्वप्नातसुद्धा दिसला नव्हता, आणि तिथं मोबाईलमध्ये, पोरीच्या अंगात, तुम्ही पालथे होत होता. मला पुढं बघवेना. तरी बघितलं. प्रत्येक वेळी तेच.

वहीत लिहून झालं आहे. जिममध्ये उताणं टिकायला शिकवताहेत, तेही दिसतं. सांगितलं की करते. पण दमली की विसरते. पाच आठवड्यांत अंग दुसरं वळण घेणार नाही. वर्षभरात घेईल. एखाद्या बुक्केबाज पोरीशी जोड लागली तर आत्ताही जिंकेल. या पोरीशी नाही. आत्ता नाही.

काल सुरेखा माझ्याजवळ आली. धुणं वाळत घालत होते. म्हणाली, "अक्का, ती तुमचं ऐकल. तिला सांगा, तुज्यात ती धमकच न्हाय. सांगा, तुला ह्ये कंदीच जमनार न्हाय."

"पण तिच्यात धमक हाय, सुरेखा."

"असंल. तरी सांगा. खोटं सांगा अक्का, पन थांबवा तिला. मला आता ह्या घरात कुनाला आडवं पडल्यालं बघायचं न्हाय."

तुमची बायको ती. तिच्या हातातला पिळा मी घेतला आणि झटकून दोरीवर टाकला.

बघा माझी गत. एकदा एकाला खूश ठेवायला खोटं बोलले. आता दुसरीला वाचवायला खोटं बोल म्हणतात. आणि खरं आहे ते दोघींनाही नको आहे. आईला हवंय "कधीच नाही". पोरीला हवंय "होय, तूच". वहीत आहे "आत्ता नाही, हिच्याशी नाही".

पोरगी काय म्हणणार तेही मला माहीत आहे. "तुला आईनं शिकवून पाठवलं ना?" डोळे मोठे करून म्हणेल. तिच्या आईला माझ्याशी बोलताना तिनं माडीवरून बघितलंय. ती विश्वास का ठेवेल? तिला वाटेल, सगळ्या बायका एक झाल्या. रागानं सही करून येईल आणि त्या बुटकीच्या पुढं केलेल्या पायाकडं वाकेल.

तिनं विश्वास ठेवावा असं माझ्याजवळ एकच आहे, भाऊजी. ते तुमचं पान.

तिला तुमची हार माहीत आहे. तुम्ही रविवारी बसायचं का सोडलंत, ते माहीत नाही. तिला वाटतं, हरल्याची लाज वाटली. सगळ्या घराला तसंच वाटतं. तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. सुरेखालासुद्धा नाही. तेवढी माझी अब्रू राखलीत, आणि त्या अब्रूखाली मी तुम्हाला एवढे महिने लाजलेला, हरलेला माणूस म्हणून वावरू दिलं. हे उंबऱ्यावरच्या खोट्याहूनही वाईट झालं, हे मला या आठवड्यात उमजलं.

तर आता शब्द देते. ती अकराच्या एसटीनं तालमीतून घरी येईल. मी तिला जेवायला वाढेन, पोटभर जेवू देईन. मग सुरेखाला बोलावेन, आत्याबाईंना बोलावेन, यांनाही बसवेन. सगळ्यांसमोर ते पान उघडेन आणि तारखेसकट वाचेन. सांगेन, वैष्णवी, तुझ्या पप्पांनी मला खरं विचारलं होतं. मला दिसलं होतं. मी खोटं बोलले. ते लाजेनं गप्प बसले नव्हते, माझ्यामुळं बसले होते. मग तिचं पान वाचेन. आई खूश होईल असं एक अक्षर त्यात घालणार नाही, आणि पोरगी खूश होईल असंही नाही.

त्यानंतर ती मला मोठी आई म्हणणार नाही, असं होऊ शकतं. उठून जाईल, वही भिरकावेल. सुरेखा काय करेल, हे काय म्हणतील, मला काही सांगता येत नाही. आणि एवढं करूनही ती उद्या सही करून येऊ शकते. एकोणीस वर्षांची आहे, तिचा हक्क आहे. पण ऐकून जाईल. तुम्हाला न ऐकता जावं लागलं, तसं तिला जावं लागणार नाही.

साडेदहा वाजले. फाट्यावर पोचेपर्यंत तिला अर्धा तास. भात टाकायला उठते.

या घरात तुमची अपराधी,
वहिनी शालन